पोचूला पाहिलेली बाई

मुरूमटोला, २९ जानेवारी १९५७

आले एकदाची. गडचिरोलीच्या पुढे मोटारीने हाडं खिळखिळी केली. आसामातल्या जीपनेही एवढी केली नव्हती, किंवा तेव्हा हाडं तरुण होती. जंगल खात्याचा बंगला म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा आणि वटवाघळांचा वास. साहेब लोक सगळे निवडणुकीच्या कामाला लागलेत, म्हणून महिनाभर हा मला मिळाला. चौकीदार इस्तारीभाऊ नको तितका बोलतो. त्याची बायको गोकुळा कमी बोलते आणि रांधते चांगलं.

आमचे संपादक बापूजी यांनी निघताना बजावलं आहे, "नीलाबाई, पुस्तक पुरं केल्याशिवाय नागपुरात तोंड दाखवू नका." लढाईच्या बातम्या देणारी पहिली मराठी बाई, अशी माझी जाहिरात ते चव्वेचाळीस सालापासून करतात. त्याच्या आधी मी त्यांच्याच पेपरात लोणच्या-मुरंब्यांचा रकाना लिहीत होते, हे मात्र कोणाला सांगत नाहीत. आता आत्मचरित्र हवंय. ब्रह्मदेशच्या सरहद्दीपासून हैदराबादच्या कारवाईपर्यंत सगळं.

संध्याकाळी पहिलं वाक्य लिहिलं: "मी जे डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच लिहिलं." चांगलं वाक्य आहे. त्याच्यापुढे काही सुचेना, तेव्हा जेवून घेतलं.

१ फेब्रुवारी

इस्तारीने गावभर डंका पिटलाय की बंगल्यावरची बाई लढाई पाहून आलेली आहे. मी निघाले की पोरं मागे "लढाईवाली बाई" म्हणून ओरडतात. राग यायला हवा. येत नाही, खोटं कशाला बोला.

सुकरी म्हणून एक बाई पाण्याला येते. तिशीच्या पुढची, उंच, बोलताना डोळ्याला डोळा देणारी. आज हंडा खाली ठेवून समोर उभी राहिली.

"बाई, तुमी लढाईत आसामकडे होत्या काय जी?"

"होते."

"मंग माह्या नवऱ्याले पाह्यलं असन. पोचू नाव. सडकेच्या कामाले नेलं होतं ठेकेदारानं. वापस नाई आला."

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. म्हटलं, अगं, तिथे हजारोंनी मजूर होते. कोण कुठला, कसं ओळखणार?

"डाव्या हाताची करंगळी अर्धी हाये त्याची. कुऱ्हाडीनं गेली."

"नाही गं, नाही पाहिला."

"बरं," ती म्हणाली. हंडा उचलला आणि पायरीवरून मागे वळून म्हणाली, "आठवून पाहा जी. घाई नाई."

६ फेब्रुवारी

आज इथला बाजार. मोटार थांबते तिथे, सडकेच्या कडेला, एक म्हातारी उभी होती. मोटार थांबल्यावर तिने प्रत्येक खिडकीत डोकावून पाहिलं. उतरणाऱ्या पुरुषांचे डावे हात पाहिले. मोटार गेल्यावर हातातलं गाठोडं काखेत मारून ती गावाकडे चालू लागली.

ती धुरपता, पोचूची आई. गाठोड्यात त्याचं धोतर असतं. आल्याबरोबर अंगावरचे कपडे बदलायला. दर बाजाराला येते, पावसाळ्यातही.

इस्तारीकडून बाकीचं कळलं. या गावात माणूस मेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात. पण बाहेर मेलेल्याचा दगड असा कोणाच्याही सांगण्यावरून उभा होत नाही. ज्याने मरताना पाहिलं त्याने गावासमोर येऊन तसं सांगायचं, आणि दगडाला पहिला हात त्यानेच लावायचा. पोचूला मरताना कोणी पाहिलं नाही, म्हणून दगड नाही. दगड नाही, म्हणून तो जिवंत. तो जिवंत, म्हणून सुकरी अजून त्याचीच बायको.

"आन लच्छू बसला आहे हात चोळत," इस्तारी म्हणाला. लच्छू हा पोचूचा धाकटा भाऊ. दगड झाला तर वहिनीला घरात घेण्याचा हक्क त्याचा, यांच्यात तशी रीत आहे. "दगडाबिगर घेतली तर जातीबाहेर काढतीन दोघाइले. तो म्हणते, मी माजरीच्या कोळशाच्या खाणीत चाललो, मले नाई राहा लागत इथी."

लेखाला उत्तम विषय आहे. मी टिपणं केली. स्वतःला थोडं गिधाडासारखं वाटलं, पण धंदाच तो आहे.

१० फेब्रुवारी

सुकरीने आज स्वतःहून सांगितलं की पोचूच्या मनगटात पितळी कडं होतं, आणि खोकला आला की तो छाती धरून उकिडवा बसायचा. बिचारी. आठवणी उचंबळून येतात आणि ऐकायला घरात कोणी नाही. मी म्हटलं, बस, चहा घे. तिने चहा घेतला नाही. गोकुळाकडून कच्ची चिंच मागून घेतली आणि पायरीवर बसून मिठाबरोबर खाल्ली, मला पाहूनच दात आंबले. भरलेला हंडा हल्ली ती स्वतः उचलत नाही, लच्छू येऊन उचलून देतो. पाठीत लचक भरली असावी. माझ्याजवळचं मलम दिलं, तर गोकुळा पदर तोंडाला लावून हसत आत गेली. काय हसायचं त्यात?

पुस्तक त्या एका वाक्यावरच अडलं आहे.

एक मात्र आठवलं. आसामात मणिपूर रोडच्या अलीकडे मजुरांची एक छावणी लागली होती. ताडपत्र्या, धूळ, कांबळ्यांखाली ओळीने पडलेली माणसं. सोबतचा मेजर म्हणाला, हगवणीची साथ आहे, थांबू नका. जीप थांबली नाही. मी जे पाहिलं ते एवढंच, धूळ आणि कांबळी. सुकरीला ते सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कांबयाखाली पोचूच असन. तुमी पाह्यलं मंग." मी म्हटलं, तसं नव्हे गं. "असनच," ती म्हणाली.

१४ फेब्रुवारी

हे लिहावं की नाही याचा सकाळपासून विचार करते आहे.

काल दुपारी मला गावात बोलावलं. मोहाच्या झाडाखाली सगळे जमले होते. दसरू गायता मध्ये बसला होता. गायता म्हणजे गावाचा पुजारी, आणि न्यायनिवाडाही त्याचाच. उजवीकडे सुकरी, तिच्यामागे लच्छू. समोर धुरपता, मांडीवर ते गाठोडं. सुकरीने सांगून ठेवलं होतं की बाईने पोचूला पाहिलं.

मी खुलासा करायलाच गेले होते. देवाशपथ तेवढ्यासाठीच गेले होते.

दसरू म्हणाला, "बाई, आयकलेलं नको सांगू. सपनातलं नको सांगू. डोयानं पाह्यलं असन तरच सांग."

माझाच नियम मला शिकवत होता. धुरपताचे डोळे माझ्यावर. सुकरीचेही. लच्छू पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. मला त्या बाईची दया आली, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. लढाईवाली बाई म्हणून ज्यांनी मला माच्यावर बसवलं, त्यांच्यासमोर "मी जीपमधून फक्त धूळ पाहिली" असं सांगायला जीभ उचलेना.

"हो," मी म्हटलं. "पाहिलं."

मग थांबता येईना. अर्धी करंगळी. पितळी कडं. छाती धरून उकिडवं बसणं. ताप होता, पहाटे गेला, सोबतच्यांनी नीट पुरला. बायकांनी गळे काढले. धुरपता रडली नाही. तिने एकच विचारलं, "डोस्कं कोनीकडे ठेवलं त्याचं?"

यांच्यात दिशा ठरलेली असणार आणि मला ती ठाऊक नव्हती. मी घाबरून सुकरीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाठ करून दक्षिणेच्या डोंगराकडे तोंड करून बसली होती. काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "दक्षिणेकडे." नशिबाने तेच बरोबर निघालं.

"नीट ठेवलं मंग," धुरपता म्हणाली.

कोणी धक्का दिला नव्हता. हाताला धरून कोणी वदवून घेतलं नव्हतं. सगळ्या जन्मात छापून आलेल्या एकाही ओळीसाठी मला खाली मान घालावी लागली नाही, आणि काल एका झाडाखाली दोन शब्दांत सगळं गेलं.

१७ फेब्रुवारी

दगड उभा केला. नदीच्या बाजूने पुरुषांनी खांद्यावर वाहून आणला. पहिला हात मी लावला. उन्हाने तापलेला होता, चटका बसला.

जेवणं झाली. सुकरी आजपासून लच्छूच्या घरात. तिने माझ्यासमोर येऊन दोन्ही हात जोडले, पण नजरेला नजर दिली नाही. इतके दिवस ती मला डोळ्याला डोळा देऊन बोलत होती. सुख झालं की माणसं लाजतात.

लच्छू माजरीला जाणार नाही. इस्तारी म्हणतो, "तुमच्या पायगुनानं घर बसलं त्याइचं." मी त्याच्यावर खेकसले की चहात साखर किती घालतोस. मग स्वतःच जाऊन त्याला विडी दिली.

२० फेब्रुवारी

बाजार होता. धुरपता सडकेवर गेली नाही. बंगल्यावर आली.

इस्तारीने समजावलं, हीसुद्धा रीतच. ज्याने शेवटचं पाहिलं त्याच्याकडे आईने जायचं, आणि विचारायचं ते विचारून घ्यायचं. किती दिवस? "तिचं पोट भरेतवर," तो म्हणाला.

पायरीवर बसली. मी खुर्ची सोडून खाली बसले. म्हणाली, "सांग."

काय सांगू?

"कायबी. पोचू कसा बसला होता, कसा झोपला होता."

मी सांगितलं. अंगावर निळं कांबळं होतं. शेजारी चांद्याकडचाच एक गडी होता, त्याच्याशी गोंडीत बोलायचा. ती डोळे मिटून ऐकत होती. मधेच हसली. "तो असाच," म्हणाली, "घडीभर चूप नाई बसत."

मला युद्धातल्या मुलाखती आठवल्या. तिथे मी विचारायचे आणि समोरचा सांगायचा.

२३ फेब्रुवारी

रोज येते. रोज काहीतरी नवं द्यावं लागतं. उठल्याबरोबर मी आज काय सांगायचं याची जुळवाजुळव करते. पुस्तकासाठी एक ओळ सुचत नाही, आणि पोचूसाठी रकानेच्या रकाने. तो आता मलाही दिसायला लागलाय. तांबूस केस, पुढचा एक दात किडका. दाताचं मी सांगितलं तेव्हा तिने नुसती मान हलवली. बरोबर होतं की चूक, विचारायची हिंमत झाली नाही.

काल विचारलं, "खायाले देत होते काय?" तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, खूप द्यायचे. रविवारी बोकडाचं मटण असायचं, पोचू दोनदा मागून घ्यायचा.

धुरपताने पायरीवरची मुंगी बोटाने बाजूला सारली. मग म्हणाली, "लय भूक लागली असन मंग." आणि रोजच्यापेक्षा लवकर उठून गेली.

२५ फेब्रुवारी

धुरपता कालही आली नाही, आजही नाही. गोकुळाला विचारलं.

"तिनं देवाले कोंबडी देल्ली जी काल," गोकुळा पोळी लाटता लाटता म्हणाली. "पोचूनं बोकड खाल्ला ना लढाईत. त्याइच्या कुळाले बोकड चालत नाई, बोकड म्हंजे त्याइचा आजा-पंजा. सात पिढ्यांत कोनी शिवला नाई. दगडाखाली पाप राहू नाई म्हणून मायनं दंड भरला. एकच अंड्याची कोंबडी होती तिच्याजवळ."

माझा घास तोंडातच राहिला.

ज्या मुलाला मी कधी पाहिलं नाही, त्याच्या माथी मी पाप मारलं, आणि त्याच्या आईने ते फेडलं. मेला असेल तर भुकेने मेला असेल तो. मटण कुठलं! त्या छावणीत पाणी तरी होतं की नाही कोण जाणे. आणि मी रविवारचा बेत सांगते. लोणच्यांच्या रकान्याची सवय ती, दुसरं काय.

थाळी बाजूला सारली. गोकुळाला वाटलं भाजीत मीठ जास्त झालं.

२६ फेब्रुवारी

धुरपताला खरं सांगितलं.

मी तिच्या झोपडीत गेले. ती मोहाखालची जागा झाडण्यासाठी खराटा बांधत होती, आता फुलं पडायला लागतील. मी मातीत बसले आणि म्हटलं, "धुरपताबाई, मी पोचूला पाहिलं नाही. तो बोकड मी मनाचा सांगितला. कांबळं मनाचं सांगितलं. सगळंच. तुमच्या मुलाने काही पाप केलं नाही. मी केलं."

तिला कळलं नसेल असं वाटून मी पुन्हा सांगितलं. तिने खराटा खाली ठेवला.

"पाह्यलं नाई?"

"नाही."

"मंग तू सांगे तवा मले दिसे, तो कोन व्हय?"

ती माझ्याकडे बघत राहिली, खरंच उत्तराची वाट पाहत. रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी कृतज्ञ झाले असते. मग तिने पुन्हा खराटा बांधायला घेतला.

परतताना मला हलकं वाटत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. जेवलेसुद्धा पोटभर.

२७ फेब्रुवारी

बाजार. मोटारीचा आवाज आला म्हणून सहज व्हरांड्यात आले.

धुरपता सडकेवर उभी होती. काखेत गाठोडं. खिडकीखिडकीत डोकावत होती.

एवढं साधं माझ्या लक्षात कसं आलं नाही? कोणी मरताना पाहिलं नाही, तर तो जिवंत. काल मी तिला खरं नव्हतं सांगितलं. काल मी तिचा मुलगा उठवून सडकेवर आणून उभा केला.

२८ फेब्रुवारी

सुकरी आली. पाण्याला नव्हे. पायरीवर बसली नाही.

"आईले काय सांगतलं तुमी?"

मी सांगितलं. तिने पदर कमरेपाशी घट्ट ओढला, मग सोडून दिला, आणि मी पहिल्यांदा पाहिलं. आता कोणालाही दिसेल असं होतं. चिंचेला, हंड्याला, गोकुळाच्या हसण्याला, सगळ्याला अर्थ आला. चार सैन्यांच्या हालचाली मी टिपल्या आणि एका बाईचं पोट मला दिसलं नाही.

"लच्छूचं," ती म्हणाली. "दगडाच्या आधीचं. दगड उभा राह्यला तर कोनी महिने मोजत नाई. दगड काढला तर मी पोचूची बाई, आन हे लेकरू कोनाचंच नाई. जातीबाहेर. कुठी जाऊ? माजरीले, कोयसा उचलाले?"

मी म्हटलं, सुकरी, मला खोटं बोलायला नको होतं.

"बोलले ना पण," ती म्हणाली. "मंग आता वापस काऊन घेतलं? कोनासाठी?"

तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. आईने त्या खोट्या पापाचा दंड भरला, म्हणून, मी म्हटलं. जाताना म्हणाली, "गायतानं बोलावलं हाये, इतवारी. सगळ्याइसमोर इचारन तुमाले. म्हातारी सांगून राह्यली गावात, बाईनं पाह्यलंच नाई म्हणून."

३ मार्च, रविवार

तेच झाड. खाली मोहाची पहिली फुलं पडलेली, गोड उग्र वास.

दसरू म्हणाला, "बाई, धुरपता म्हणते का तूच तिले सांगतलं, पाह्यलं नाई म्हणून. दगड उभा हाये. तू हात लावला त्याले. आता सांग, खरं काय?"

सुकरी लच्छूच्या मागे बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, जेवढं झाकेल तेवढं झाकत. लच्छूचा चेहरा राखेसारखा झाला होता. आणि धुरपता सगळ्यांच्या कडेला, एकटी, माझ्याकडे बघत. तिच्या तोंडावर मला आशा दिसली. तिचा मुलगा जिवंत आहे असं मी चारचौघांत म्हणावं, एवढीच ती आशा होती. आणि ते खरंही असेल! मला काय ठाऊक? असेलही तो कुठे चहाच्या मळ्यात, अर्ध्या करंगळीचा.

मी म्हटलं, "मी पाहिलं. म्हातारी आहे ती. तिची समजण्यात चूक झाली."

मी हे म्हटलं. त्या झाडाखाली तीच एकटी खरं बोलत होती, आणि मी तिला चूक ठरवलं. पहिल्या वेळी मोहात घसरले होते. आज पूर्ण शुद्धीवर, शब्द निवडून बोलले.

कोणी तरी म्हणालं, म्हातारी येडी झाली. दोघं-तिघं हसले.

धुरपताने माझ्यावरची नजर काढली. तिने सुकरीकडे पाहिलं. तिच्या गुडघ्यांकडे, गुडघ्यांमागे जे होतं त्याच्याकडे, खूप वेळ. सुकरीने मान खाली घातली. मग म्हातारी उठली आणि सगळ्यांमधून चालत माझ्यापुढे येऊन बसली.

"मंग मीच चुकली," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सांग बाई. मरताखेपी पेज पेला काय माहा पोचू?"

"हो."

"कोनं पाजली?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी."

"या हातानं?"

तिने माझा उजवा हात धरला. उलटा करून पाहिला, बोटांवरचे शाईचे डाग पाहिले, आणि तो स्वतःच्या डोक्यावर ठेवला. बायकांनी हंबरडा फोडला. दसरूने डोळे पुसले आणि म्हणाला, झालं, उठा.

तिचं डोकं माझ्या हाताखाली गरम होतं. आता त्याच हाताने हे लिहिते आहे.

तिने पुन्हा विश्वास ठेवला. किती सहज ठेवला! मी छापील माणूस, शहरातली, माझ्या शब्दाला वजन. त्या वजनाखाली ती दुसऱ्यांदा चिरडली. तिसऱ्यांदा म्हणावं, बोकड धरून.

५ मार्च

पुस्तकाचं पहिलं वाक्य खोडलं. आता पान पूर्ण कोरं आहे. बापूजी ओरडतील. ओरडू देत. ते म्हणतील, नीलाबाई, जन्मभराची कमाई आहे ही. असेल. त्या कमाईवरच तर दोन शब्द उधार चालले.

धुरपता रविवारनंतर विचारायला आली नाही. मी दोन दिवस पायरीवर वाट पाहिली. काय सांगायचं तेही जुळवून ठेवलं होतं, बोकड नसलेलं. आली असती तर बरं झालं असतं.

गोकुळा सांगत होती की म्हातारीने पोचूचं धोतर फाडलं. ते गाठोड्यातलं. चौकोनी तुकडे करून, धुऊन कुंपणावर वाळत घातलेत. लेकराला लागतील म्हणते. "सुकरी म्हणे, राहू द्या ना आई, त्याचं हाये. तर म्हातारी म्हणते, लेकराले दुपटी नाई लागत काय?"

मी म्हटलं, पाहा, आता पक्की खात्री पटली तिला, मेल्याची. गोकुळाने लाटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. पोळी उलटली.

६ मार्च, मोटारीत

बाजाराचा दिवस. इस्तारीने वळकटी टपावर चढवली. त्याला आणि गोकुळाला नमस्कार केला. सुकरी आणि लच्छू आले नाहीत, आणि मी त्यांची अपेक्षाही केली नव्हती.

सडकेच्या कडेला कोणी नव्हतं. जिथे ती उभी राहायची तिथलं गवत पायाखाली येऊन येऊन मेलेलं होतं, तेवढी जागा गोल, मातीची. मोटार तिथेच थांबली. मी खिडकीतून पाहत होते. गावाच्या वाटेवर दूरवर पाहिलं, काखेत गाठोडं असलेलं कोणी येतंय का. एक शेळी आली.

कंडक्टर दारात उभा राहून इकडे तिकडे बघत होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला तरी त्याने मोटार सोडली नाही.

"एक म्हातारी येते इथी दर बाजाराले," तो मला म्हणाला. "सगळ्या खिडक्या पाहिल्याबिगर जाऊ नाई देत. आज नाई आली. मेली काय जी?"

"नाही," मी म्हटलं. "तिचा मुलगा मेला."

"अरेरे. कवा?"

"रविवारी."

त्याने मान हलवली, गडचिरोलीचं तिकीट फाडलं आणि माझ्या हातात ठेवलं.